उजनीत कोणता मासा कुठं राहतो? पाण्याखालचा नकाशा करतोय, मदत हवी

गाळपेर

नमस्कार मंडळी,

करमाळा तालुक्यात उजनीच्या काठावरच्या एका शाळेत मी शिकवतो. वर्गातली बरीच मुलं भोई समाजाची, बाकीची ऊस-केळीवाल्या घरांतली. पाणी सगळ्यांच्याच दारात. तरी 'कटला कुठं असतो आणि वाम कुठं?' असं विचारलं की ज्यांच्या घरी जाळं आहे ती मुलं घडाघडा बोलतात, बाकीची 'धरणात' एवढंच सांगतात. म्हणून आठवी-नववीच्या मुलांना घेऊन आमच्या बाजूच्या पाण्याचा नकाशा करायला घेतलाय. कोणता मासा कुठल्या जागी, किती खोलीवर, वर्षाच्या कोणत्या काळात.

पहिल्याच आठवड्यात गाडी अडली. मुलांनी एका कोपऱ्यावर 'मरळ' लिहिलं. ती जागा ऑक्टोबरात चार परस (चार माणसांच्या उंचीएवढ्या) पाण्याखाली असते आणि एप्रिल-मेमध्ये तिथं गाळपेरीचं, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या गाळात पेरलेलं, पीक उभं असतं. मग तिथं मरळ 'राहते' म्हणजे नेमकं काय लिहायचं?

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. सोलापूर जिल्ह्यातलं भीमा नदीवरचं हे उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त. आपण पेपरात वाचतो ती टक्केवारी उपयुक्त साठ्याची. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं असं नाही. पाणी मृतसाठ्याच्या पातळीला आलं, एवढाच अर्थ. त्याखालचंही पाणी उचललं जातं, म्हणून आमच्याकडे धरण 'उणे'त जातं. २०२४च्या उन्हाळ्यात ते जवळपास उणे ६० टक्क्यांपर्यंत गेलं होतं. म्हणजे दर वर्षी काठ मैल-मैल सरकतो आणि मासे त्याच्यासोबत सरकतात.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. जागा नोंदवायची कशी? मासेमारांना विचारायचं काय? आणि जाळं न टाकता, माशांना त्रास न देता काय काय कळू शकतं? ज्याला जे ठाऊक असेल ते सविस्तर लिहा. मुलं हा धागा वर्गात वाचणार आहेत.

भीमाकाठ

सर, लय चांगलं काम काढलंय. आमचं घर तीन पिढ्या पाण्यावर हाय, म्हणून लिहितो.

तुम्ही काठाचा नकाशा काढू नका, तळाचा काढा. काठ रोज बदलतो, तळ बदलत न्हाई. आमच्या आज्ज्यानं धरणाच्या आधीची भीमा बघितली होती. कुठं डोह होता, कुठं वाळूचा पट्टा, कुठून ओढा मिळायचा, गावठाण कुठं, विहिरी कुठल्या रानात, बाभळीचं बन कुठं, हे त्याला तोंडपाठ. त्यानं ते वडलांना होडीत बसवून सांगितलं, वडलांनी मला. आम्ही अजून 'पाटलाच्या विहिरीवर जाळं लावलं' असंच बोलतो. वर बघाल तर नुसतं पाणीच पाणी.

आता मासा. शिवडा जुन्या पात्रात. पाणी कितीबी पसरू द्या, मोठा शिवडा भीमेचं जुनं पात्र सोडून लांब जात न्हाई, रातीला तेवढा कडेच्या उथळ पाण्यात शिकारीला येतो. वाम दगडात. बुडालेल्या गावाच्या भिंती, देवळाचे चिरे, जुन्या पुलाचे दगड, विहिरीची बांधणी, असं काही असंल तिथं दिवसभर भेगेत दडून बसती. डिकसळच्या इंग्रजांच्या काळातल्या पुलाकडं जाऊन बघा. कटला उघड्या पाण्यात, वरच्या थरात. त्याला जाळं वर तरंगतं लावायचं, तळाला लावलं तर रिकामं येतं. मृगळ बरोबर उलटा, तळाच्या गाळात. रोहू दोघांच्या मधी. मरळ कोपऱ्यात, जिथं गवत-शेवाळ हाय, वारा लागत न्हाई, पाणी निवांत हाय. आणि चिलापी (तिलापिया) विचारू नका, कंबरभर पाणी दिसलं की चिलापी हायच.

एक सांगतो, मासेमाराला 'मासा कुठं सापडतो' असं विचारू नका. तो खरी जागा सांगणार न्हाई, त्याचं पोट हाय त्यावर. 'जाळं कुठं फाटतं?' असं विचारा. ते मनापासून सांगतो. जिथं जाळं अडकून फाटतं तिथं खाली दगड, खोडं, भिंत असती. तळाचा निम्मा नकाशा तिथंच झाला. फक्त मोटारींच्या केबली आणि पाइप वेगळे काढा, आजकाल निम्मी जाळी त्यातच फाटतात.

तळ्यातली

गाळपेर सर, भीमाकाठदादा, दोघांना नमस्कार. माझं शिक्षण मत्स्यशास्त्रातलं, काम गोड्या पाण्यातल्या माशांवर. दादांनी लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यामागं कारण आहे. ते मुलांना कळलं तर नकाशा पाठ करावा लागणार नाही.

माशाचं तोंड बघायला सांगा. बाजारात मासा घेताना हे पाच मिनिटांत होतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, खालचा जबडा पुढे आलेला, डोकं शरीराच्या मानानं मोठं. तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहूचे ओठ जाड आणि झालरीसारखे. मधल्या थरात फिरतो, दगडा-खोडांवरचं शेवाळ खरवडतो. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला, तळाचा कुजका पालापाचोळा आणि गाळ वेचण्यासाठी. तिघंही एकाच पाण्यात राहतात पण त्यांचं ताट वेगळं. शेततळ्यात हे तीन एकत्र सोडण्याची पद्धत याच कारणानं पडली.

शिवड्याचं तोंड डोळ्यांच्याही मागं जाईल एवढं फाटलेलं. हा शिकारी मासा, मोठा होतो, त्याला खोली आणि लपायला जागा लागते. जागतिक पातळीवर तो आता असुरक्षित प्रजातींच्या यादीत आहे, त्यामुळे त्याच्या नोंदी विशेष काळजीनं ठेवा. त्याच्या डोहांच्या जागा मात्र नकाशावर उघड करू नका, ही कळकळीची विनंती.

मरळीचं वेगळं. तिला कल्ल्यांशिवाय हवेतूनही श्वास घेता येतो. उथळ, गवताळ, कमी प्राणवायूच्या पाण्यात जिथं रोहू गुदमरेल तिथं ती मजेत राहते. पावसाळ्यात ती गवत बाजूला सारून घर करते आणि नर-मादी पिलांची राखण करतात. पिलांचा तांबूस-नारिंगी गोळा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ एकत्र हलताना दिसतो. तो काठावरून दिसतो. जाळं लागत नाही, आणि त्या गोळ्याखाली आई-बाप असतातच. अशा वेळी गळ टाकून पालक मासा काढला तर सगळी पिलं इतर माशांच्या तोंडी जातात. हे मुलांना पहिल्या दिवशी सांगा.

जाळं न टाकता करण्यासारखं: पाण्याचा स्वच्छपणा मोजा. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची तबकडी, चार भाग करून आलटून-पालटून काळा-पांढरा रंग, मधोमध दोरी. पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली लिहायची. सेक्की नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञानं १८६५ साली ही पद्धत वापरली आणि आजही सरोवरांचे अभ्यासक तीच वापरतात. त्या खोलीच्या साधारण दुप्पट-अडीचपटीपर्यंतच उजेड पुरेसा पोचतो. त्याखाली शेवाळ वाढत नाही, मग शेवाळ खाणारा मासाही तिथं फारसा रमत नाही.

गळवाला_पुणे

उत्तम धागा. आम्ही काही मित्र परवाना काढून गळ टाकतो आणि बहुतेक मासे परत सोडतो. आमचा अनुभव दादांशी जुळतो. भर घालतो ती वेळेची.

एकच जागा सकाळी सातला आणि दुपारी दोनला वेगळी असते. उन्हाळ्यात भल्या सकाळी कडेच्या गुडघाभर पाण्यात हालचाल असते, ऊन चढलं की सगळं शांत. वाम दिवसा गांडुळाला तोंड लावत नाही, अंधार पडल्यावर लावते. शिंगाडाही रात्रीचाच. मुलांच्या नोंदीत तास लिहिलेला नसेल तर निम्मी माहिती गेली असं समजा.

हल्ली होडीला लावायचं सोनार यंत्र मिळतं. त्याबद्दल जाणकारांना विचारायचं होतं. पडद्यावर तळ छान दिसतो, मासे कमानीसारखे दिसतात. शाळेला एखादं घेऊन देता आलं तर उपयोग होईल का?

तळ्यातली

तळासाठी नक्की होईल. दादा म्हणतात ते जुनं पात्र, विहिरी, बांध सगळं त्यात उमटेल. माशांसाठी मात्र मर्यादा आहे. यंत्राचा आवाज माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर आदळून परत येतो. मासा आहे, साधारण एवढ्या खोलीवर आहे, हे समजतं. तो रोहू की चिलापी हे समजत नाही. उभी बुडालेली बाभूळ, वर येणारे वायूचे बुडबुडे हेसुद्धा मासे वाटू शकतात. तळाला चिकटून बसणारी वाम तर दिसणारच नाही.

पाण्यात माशांच्या शरीरातून सुटलेला डीएनए गाळून प्रजाती ओळखण्याची पद्धतही आता आहे. पण तो डीएनए काही दिवस पाण्यासोबत वाहत राहतो, त्यामुळे 'इथंच' असं ठामपणे सांगता येत नाही. खर्च आणि प्रयोगशाळा हा वेगळाच विषय. शाळेसाठी तबकडी, दोरी, थर्मामीटर आणि भीमाकाठदादांचे वडील, एवढं भरपूर आहे.

रानवाटा

वाचतेय. वाचनखूण साठवली. आमचं गाव धरणात गेलं, आजी अजून त्या गावाच्या विहिरींची नावं घेते. आजीकडून लिहून घेऊन पाठवू का?

गाळपेर

रानवाटाताई, जरूर पाठवा! जेवढं आठवेल तेवढं. भिंती कशाच्या होत्या, दगडाच्या की मातीच्या, हेही विचारा. मातीच्या भिंती पहिल्या काही वर्षांतच विरघळल्या असतील, दगडाच्या अजून असतील. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाणी उतरलं की उघडं पडतं, तसे लहान अवशेष गावोगाव आहेत.

भीमाकाठदादा, 'जाळं कुठं फाटतं' हा प्रश्न मुलांनी घरी विचारला. एका दिवसात वही भरली.

झाडीपट्टी

भंडारा जिल्ह्यातून लिहितो जी. आमच्याकडं धरणाएवढं पाणी नाही, पण मालगुजारी तलाव आहेत, त्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो. कोहळी लोकांनी अडीच-तीनशे वर्षांमागं बांधलेले. त्यात मासेमारी करते तो धीवर समाज. आमच्या भागातला धडा असा की तलावात मासा कुठं आहे हे पाण्याला विचारू नका, वनस्पतीला विचारा.

पाण्याखाली बुडून वाढणारी वनस्पती जिथं, तिथं लहान मासा आणि अंडी. पानं वर तरंगतात तिथं सावली, तिथं दुसरे. काठाच्या ओलीत देवधान (रानटी भात) उगवतो, त्यात पावसाळ्यात मासे अंडी घालायला येतात. मधल्या काळात तलावांत बेशरम नावाची परदेशी झुडपी वनस्पती माजली, देशी वनस्पती गेल्या आणि देशी मासेही गेले. मग भंडारा-गोंदियातल्या गावांत धीवर बायकांनी पुढाकार घेऊन बेशरम उपटली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती परत लावल्या. देशी मासे परत दिसू लागले. कोणती वनस्पती कोणत्या माशाची, हे त्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांना माहीत होतं म्हणून हे जमलं.

उजनीत पाणी एवढं खालीवर होतं की काठाला वनस्पती टिकत असेल का, ही शंका आहे. पण जिथं टिकते तो कोपरा नकाशावर ठळक करा, सर.

भीमाकाठ

झाडीपट्टी भाऊ, बरोबर ओळखलंत. आमच्याकडं काठाला हिरवं टिकत न्हाई. पाणी उतरलं की गवत वाळतं, वर गाळपेर होती, पाणी चढलं की पिकाचं धसकट पाण्याखाली. त्या धसकटात पावसाळ्यात बारका मासा लय असतो. मरळीला मात्र आता जागा कमी झाली. ओढ्यांच्या तोंडाशी जिथं पाणकणीस (उंच पाणगवत) उभं हाय तिथंच.

निळाई_दौंड

सगळं छान, पण मूळ गोष्ट कोणी बोलत नाही. चिलापीनं उजनी खाल्ली. आमच्या लहानपणी किती जातीचे मासे यायचे! आता भिगवणच्या बाजारात बघा, ढीग चिलापीचेच. कुठं कुठला मासा हे शोधायचं कशाला, सगळीकडं एकच उत्तर.

तळ्यातली

निळाईताई, तुमचं दुःख खरं आहे. चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आणली. काही महिन्यांची झाली की वर्षातून अनेकदा पिलं देते, मादी अंडी आणि पिलं तोंडात सांभाळते, त्यामुळे फार जगतात. घाण पाण्यात, कमी प्राणवायूत तग धरते. या स्पर्धेत आपले मासे मागं पडणारच.

पण सगळा दोष एकट्या चिलापीवर टाकला की बाकीची कारणं सुटतात. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. म्हणून धरणात त्यांची संख्या सोडलेल्या मत्स्यबोटुकलींवर (बोटाएवढ्या पिलांवर) अवलंबून. ती सोडली आणि दोन महिन्यांत बारीक आसाच्या (भोकांच्या) वडाप जाळ्यांनी उपसून काढली, तर वाढणार काय? दुसरं, मुळा-मुठेतून येणारं पुणे-पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी. त्यातल्या खतासारख्या घटकांवर शेवाळ माजतं, पाणी हिरवंगार होतं. तिसरं, वाहत्या पाण्याचे मासे. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतल्या माशांचं वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केलं. त्यातली खडशी ही महाशीराची जात त्यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून नोंदवलीय. अशा माशांना दगडगोट्यांचं, प्राणवायूनं भरलेलं, वाहतं पाणी हवं. धरण झालं तेव्हाच त्यांची जागा गेली. तेव्हा उजनीत चिलापी आलेलीही नव्हती.

आणि म्हणूनच नकाशा हवा. चिलापी 'सगळीकडं' नसते. ती काठाच्या उथळ पट्ट्यात दाटते. जिथं ती कमी आहे ती जागा सापडली, तर आपले मासे कुठं टिकलेत ते कळेल.

भीमाकाठ

ताई, वडापचं बोललात ते शंभर टक्के. बाहेरून येऊन वडाप ओढतात, किलोला हजार पिल्लं जातात, आणि नाव आमच्या सगळ्या समाजाचं खराब होतं. आमच्यातल्या जुन्या माणसांनी लहान आसाचं जाळं कधी पाण्यात घातलं न्हाई.

एक गोष्ट मात्र विचारायची हाय. तुम्ही म्हणता खोल पाण्यात शिवडा. पण वैशाखात खोलात लावलेलं जाळं रिकामं येतं, आणि कधी आलाच मासा तर मेलेला. तेव्हा शिवडा बी वर येतो. असं का?

तळ्यातली

दादा, फार मोलाची नोंद आहे ही. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि हलकं होतं, खालचं गार आणि जड राहतं. वारा नसेल तर दोन्ही मिसळत नाहीत. खाली उजेड नाही म्हणून प्राणवायू तयार होत नाही, वरून मेलेलं शेवाळ खाली पडून कुजतं आणि असलेला प्राणवायूही संपवतं. तळाचं पाणी माशांना राहण्याजोगं उरत नाही. मग खोलातले मासे मधल्या थरात येतात आणि तिथं दाटी होते. तापलेल्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसातच. रात्रभर शेवाळही श्वास घेतं, म्हणून सूर्योदयाच्या आसपास तो सगळ्यात कमी असतो. पहाटे मासे वर येऊन तोंड मारताना दिसतात ते यामुळं.

मुलांसाठी प्रयोग: जड काचेची बाटली, तिला दगड बांधा, तोंडाला बूच, बुचाला वेगळी दोरी. हवी त्या खोलीवर नेऊन बूच ओढा. बाटली त्याच थरातल्या पाण्यानं भरते. झटक्यात वर घेऊन लगेच तापमान मोजा. नाकाजवळ धरा, तळाच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास आला तर तिथं त्या दिवशी मासा नाही, हे जाळं न टाकता कळलं. हे काम अर्थात मोठ्या माणसानं होडीतून करायचं, मुलांनी काठावर वाचन लिहायचं.

निळाई_दौंड

होडीचा विषय निघाला म्हणून. सर, मुलांना होडीत नेऊ नका. मे २०२४मध्ये कुगाव-कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा माणसं गेली. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा कधी उठेल सांगता येत नाही. आणि वरचं बोलणं मागं घेत नाही, पण नकाशाला माझा पाठिंबा आहे. दौंडकडच्या नोंदी मी पाठवीन.

गाळपेर

ताई, मुलं होडीत चढणार नाहीत, हे पहिल्या पालकसभेतच ठरलंय. सगळं काम काठावरून आणि घरच्यांना विचारून.

काठावरून किती कळतं याचं उदाहरण. पाणी उतरू लागलं की ओल्या गाळावर परातीएवढे गोल खड्डे उघडे पडतात, एकमेकांपासून जवळपास सारख्या अंतरावर, कडा उचललेल्या, मधला भाग चाटून पुसून स्वच्छ. मुलांना वाटलं गुरांचे खूर. भीमाकाठदादांच्या पुतण्यानं वर्गात सांगितलं, ही चिलापीच्या नरांची घरटी. नर तोंडानं गाळ उचलून खड्डा करतो आणि त्यावर पहारा देतो. त्या दिवशीच्या टक्केवारीवरून त्या घरट्यांवर पाणी केव्हा किती होतं हे काढता येतं. आम्ही खड्डे मोजत काठानं चाललो. मुरमाड उतारावर एकही नाही. काळ्या मातीच्या सपाट पट्ट्यात दाटी. ओढ्याच्या तोंडाशी, जिथं पाणकणीस आहे, तिथं पुन्हा फार कमी. तळ्यातलीताई म्हणतात ती 'चिलापी कमी' जागा आमच्या डोळ्यांसमोरच होती.

चित्रबलाक

पक्षीवाल्याकडून दोन गोष्टी. पक्षी हे फुकटचे मार्गदर्शक, पण कोण काय खातो हे पाहून. रोहित पक्ष्यांचा थवा दिसला म्हणून तिथं मासे आहेत असं समजू नका. ते उथळ चिखलातलं शेवाळ आणि बारके जीव गाळून खातात. त्यावरून फक्त 'इथं पाणी वीतभर-हातभर' एवढं कळतं. चित्रबलाक चोच उघडी ठेवून गुडघाभर पाण्यात चालतो, तिथं लहान मासे नक्की. भादलवाडीच्या तळ्यावर त्यांची वसाहत आहे, पिलांना भरवायच्या दिवसांत ते कोणत्या दिशेनं जातात-येतात ते पाहा. पाणकावळे बुडी मारून पाठलाग करतात, त्यांचा जमाव एका जागी सारखा बुड्या मारत असेल तर खाली लहान माशांचा थवा आहे. नदीसुरय वरच्या थरातलाच मासा उचलतो. म्हणजे थर कोणता तेही कळतं.

ओट्यावरून

मी इंदापुरात मासळीचा व्यवसाय करते. लिलावात मासा हातात घेतला की आम्हाला तो कुठल्या पाण्याचा ते बरंच कळतं. उघड्या, खोल पाण्यातला रोहू उजळ असतो. कोपऱ्यातल्या हिरव्या पाण्यातला काळपट, आणि शिजवला की मातकट वास. गिऱ्हाईक म्हणतं शिळा आहे, पण तो ताजाच असतो, वास पाण्याचा असतो. वामीच्या अंगाला वाळू लागलेली असली की ती दगडा-वाळूतली, काळा चिखल असला की गाळातली. मुलांना घेऊन पहाटे लिलावाला या, मी दाखवते.

हेलिकॉप्टर मासा पण लिहा हो. अंगावर काटेरी कवच, तोंड खाली चिकटणारं. कोणी विकत घेत नाही, जाळं मात्र फाडून ठेवतो.

तळ्यातली

ओट्यावरूनताई, मातकट वास नीलहरित शेवाळ आणि काही जिवाणूंनी तयार केलेल्या एका रसायनाचा असतो. ते माशाच्या चरबीत साठतं. म्हणजे तुमचं नाक शेवाळाचा नकाशाच सांगतं. लिलावाची भेट खरंच ठरवा सर.

हेलिकॉप्टर म्हणजे सकर मासा, दक्षिण अमेरिकेतला. काचेच्या टाकीत शेवाळ साफ करायला आणतात, मोठा झाला की लोक नदीत सोडतात. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो. पाणी उतरल्यावर उभ्या काठात आडवी बिळं दिसली तर फोटो आणि टक्केवारी नोंदवा. आणि सापडलेला मासा परत पाण्यात टाकू नका. मुलांच्या घरी टाकी असेल तर त्यातला कुठलाच मासा धरणात सोडायचा नाही, हेही सांगा.

गाळपेर

सगळ्यांच्या सूचना जुळवून नोंदीचा तक्ता असा ठरवलाय. तारीख आणि तास. त्या दिवशीची धरणाची टक्केवारी, अधिक की उणे. जागेचं जुनं नाव, विहीर, ओढा, रान, गावठाण, जे असेल ते. तळ कसला: काळी माती, मुरूम, दगड, वाळू, धसकट. पाण्याची खोली आणि मासा कोणत्या थरात. वनस्पती आहे का. कोणी पाहिलं आणि कसं: जाळं, गळ, पक्षी, घरटं, लिलाव. मासेमाराचं नाव लिहायचं नाही आणि शिवड्याच्या जागा शाळेच्याच वहीत राहतील.

रानवाटाताईंच्या आजीनं सांगितलेल्या विहिरी आणि 'जाळं फाटतं' त्या जागा एकाच कागदावर मांडल्या. बऱ्याच एकमेकांवर बसल्या.

भीमाकाठ

सर, जाळ्याचा आस किती बोटांचा ते बी लिहा. चार बोटांच्या जाळ्यात बारका मासा दिसणारच न्हाई, मग पोरं लिहितील इथं बारका मासा न्हाई. आणि जाळं वर तरंगतं होतं का तळाला, ते लिहा.

तळ्यातली

दादांचं +१. आणि एक रकाना वाढवा सर: 'काहीच सापडलं नाही'. मुलं रिकामं जाळं लिहीत नाहीत, मोठेही लिहीत नाहीत. पण वैशाखातलं खोल पाण्यातलं रिकामं जाळं किंवा मुरमाड उतारावरचं शून्य घरटं, याच नोंदींवरून मासा कुठं राहू शकत नाही ते ठरतं. जून संपता संपता दौंडवरून नवं पाणी यायला लागलं की चढणीचे (प्रवाहाविरुद्ध वर जाणारे) मासे हलतील. त्याआधी उणे टक्केवारीतल्या नोंदी जितक्या जमतील तितक्या करून घ्या. तळ उघडा असताना मिळते ती माहिती नंतर वर्षभर मिळत नाही.